चिकटवलेलं चौथं पान

भाऊ कथा वाचत नसत, तोलत. पोस्टाने आलेलं बाड आधी डाव्या तळहातावर वरखाली करायचं, "लई फुगलीया" म्हणायचं आणि मग नाइलाजाने पहिलं पान उघडायचं. नगरला त्यांचा छोटा छापखाना होता. वर्षभर लग्नपत्रिका नि हँडबिलं, आणि दिवाळीला एक अंक. त्या एका अंकाच्या जोरावर हा कर्जतकडचा गडी साऱ्या जिल्ह्याच्या साहित्याचा मुकादम असल्यासारखा वागे. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता. ते गेल्यावरही तो फारसा कमी झालेला नाही. आणि त्यांच्या अंकात आपली कथा यावी म्हणून मी तितकाच झुरत होतो.

नापसंत कथा भाऊ परत पाठवत नसत, सोबत तिकीट लावलेलं पाकीट असलं तरी. त्या कागदांनी यंत्रावरची शाई पुसली जाई. एका शिक्षकाची अख्खी प्रेमकथा रोलरवर घासली जाताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. "पैल्या पानावर कुनीतरी कायतरी मागाय पायजे," भाऊ हात पुसत म्हणाले. "यातला हिरो नुसता टेकडीवर बसतोय. बसू दे."

एवढं तत्त्वज्ञान झाडणाऱ्या माणसाने अंकात पहिली कथा कुणाची छापावी? साखर कारखान्याच्या एका संचालकाची. तिच्यात कुणी काहीच मागत नव्हतं; संचालकांनी मलपृष्ठाची जाहिरात मात्र दिली होती. विचारलं तर भाऊ निर्लज्जपणे म्हणाले, "ती कथा न्हाई, तो कागद हाय. त्याच्यावर बाकीच्या नऊ छापल्या."

दिवस दुष्काळाचे होते. मी नागापूरला एका कारखान्यात टाइमकीपर होतो आणि सगळ्यांसारखी मीही दुष्काळावर कथा लिहिली. भाऊ पुढची पानं उलटतसुद्धा नाहीत, हे मला चारचौघांत सिद्ध करायचं होतं. म्हणून पाठपोट लिहिलेल्या त्या कथेत समोरासमोर येणारं चौथं नि पाचवं पान मी खळीने कडेकडेने चिकटवलं आणि बाड देऊन आलो. पंधरा दिवसांनी गेलो, तर कथा शाई पुसायच्या ढिगावर पडलेली, पानं जशीच्या तशी चिकटलेली. मी ती उचलून छपाईचे खिळे जुळवणाऱ्या दोघांदेखत भाऊंसमोर धरली.

"भाऊ, तुम्ही वाचलीच नाही."

"व्हय, न्हाई वाचली. तीन पानं नुसतं आभाळ. चौथ्यापोत्तर तू मला जाऊच दिलं न्हाईस."

मग त्यांनी कागद कापायची सुरी घेतली, कडा सोडवल्या आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून उभ्याउभ्याच वाचू लागले. त्या पानावर खडी फोडायच्या कामावरची एक बाई होती. हजेरीला आपल्या नावाला ओ देऊन झाली की ती मेलेल्या जावेच्या नावालाही आवाज बदलून ओ द्यायची. जावेची पोरं तिच्याच पदरात होती. भाऊंनी पान दोनदा वाचलं.

"ही बाई तू पाह्यलीस?"

"हो. केडगावच्या पुढं, रस्त्याच्या कामावर."

"मग तिला चिकटवून ठिवलीस, आन् मला आभाळ दाखवाय आलास व्हय?"

खिळे जुळवणारे दोघेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली तीन पानं गाळून, त्या बाईपासून सुरुवात करून मी आठवड्याच्या आत कथा पुन्हा नेली. या वेळी भाऊंनी ती तोलली नाही. बसून शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली. अंक भरला होता. उरलेली पानं त्यांनी एका बियाणेवाल्याच्या जाहिरातीला दिली होती. "पुन्याला धाड," एवढंच म्हणाले. पुण्याच्या एका मासिकाने ती छापली.

पुढे वाचनालयात माझा सत्कार झाला. भाऊ बोलावणं नसताना आले, पहिल्या रांगेत बसले आणि कुणी विचारायच्या आधी उठून भाषण ठोकलं, "याला मी घडवला." माझी एक ओळही न छापलेला हा माणूस. हे खोटं आहे, असं सांगायलाच मी उठलो. भाऊ चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघत होते, पहिलं वाक्य काय येतंय म्हणून.

मी आभार मानले नाहीत, की भाऊंना खोटं पाडलं नाही. थेट त्या बाईपासून सुरुवात केली.