रिकाम्या डब्यावरचं ओके

नागपुरात आले तेव्हा इंग्रजी म्हटलं की मला घाम फुटायचा. कारखान्याने त्या भाषेतला एकच शब्द माझ्या हाती दिला, तोही छापील. हिरवा गोल स्टिकर आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ओके. दिवसभर तो चिकटवायचा, हे माझं काम. आईला फोनवर सांगितलं, तर ती कुडाळहून म्हणाली, "ओके लावतंस म्हणजे काय गे करतंस?"

आमच्याकडे विजेची पॅनलं बनतात. मोठ्या इमारतीत तळमजल्यावर मीटरांशेजारी लोखंडी कपाट असतं ना, ते. वायरी जोडून झाल्या की प्रत्येक वायर ओढून बघायची, पेचकसाने स्क्रू आवळायचे, आणि मग दारावर ओके.

या जागेला दहावी पास बाई हवी होती. मी नववीत शाळा सोडलेली. लग्न करून इतक्या लांब आले, नवरा मौद्याच्या वीजकेंद्रावर कंत्राटी कामाला. ओळखीचं माणूस नाही. शेजारच्या काकूंनी मला नेऊन मालकांसमोर उभं केलं. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या कामगार. "पोरगी हुशार हाय मालक, कागद मागून येतील," म्हणाल्या. दोन वर्षं झाली, कागद आले नाहीत. असते तर आले असते. मालकांनी नुसतं "जरा इकडे या" म्हटलं तरी मला वाटायचं, आज कागद मागणार.

काम काकूंनीच शिकवलं. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. वायर त्या धाग्यासारखी ओढत, एकदाच, पण मनापासून. "डोऱ्यानं पाहू नको वं. डोरे खोटं बोलते. ओढून पाह्य."

साहेबांना म्हणजे आमच्या इंजिनिअरना मात्र ओढण्यापेक्षा ओके या शब्दातच जास्त रस. चहा आला की व्याख्यान सुरू. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी म्हणे थट्टेत 'सगळं बरोबर', म्हणजे ऑल करेक्ट, हेच चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं, त्याची ही दोन अक्षरं. मालकांना ते पटत नसे. ते लढाईवर ठाम. संध्याकाळी सैनिक छावणीत परतले की फळ्यावर शून्य आणि पुढे 'किल्ड'चा के लिहायचे, म्हणजे आज एकही मेला नाही, तेच ओके. हिशेबनीस तिसरंच सांगायचा, अमेरिकेतल्या आदिवासींचा शब्द आहे म्हणून. तिघेही मोबाईल उघडून एकमेकांना पुरावे दाखवत आणि चहा निवून जाई.

"कुठूनही येवो बाप्पा," काकू म्हणायच्या, "येताना पेचकस घेऊन येते काय?"

शब्दाची एवढी चौकशी करणारी माणसं तो लावताना मात्र सढळ होती. साहेबांच्या लंगड्या खुर्चीवर ओके. गरम हवा फेकणाऱ्या कूलरवर ओके. रजेचा अर्ज दिला की मालक "ओके" म्हणत आणि रजा मिळत नसे.

मग उन्हाळा आला. आमचं छत पत्र्याचं. दुपारी दारं अशी तापत की स्टिकरचा गोंद पातळ होई आणि ओके घसरत खाली येई. साहेबांनी उपाय काढला. सकाळी लोखंड गार असतं, तेव्हाच लावून टाकायचे. सकाळी हे लोखंडी डबे रिकामे असतात, वायरी नंतर भरतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण दहावीचा कागद नसलेली बाई इंजिनिअरला काय सांगणार? मी लावत गेले. काकू एवढंच म्हणाल्या, "माह्या बापानं आधी घडी घातली असती अन् मंग लुगडं विणलं असतं, तर लोकायनं गाव सोडाले लावलं असतं."

एके दिवशी बेसा भागातल्या नव्या इमारतींसाठी पॅनलं घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस आले. सकाळचे अकरा. ओके लावलेली कपाटं ओळीने उभी. त्यांनी पहिलं उघडलं. रिकामं. दुसरं. रिकामं. तिसऱ्यात कुणाचा तरी जेवणाचा डबा.

"हे तपासून झालंय?"

साहेब म्हणाले, "सर, ओकेचा मूळ अर्थ बघितला तर..."

"मूळ अर्थ राहू द्या. हे लावलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीसुद्धा.

"मी," म्हटलं.

"शिक्षण काय तुमचं?"

हाच प्रश्न दोन वर्षं चुकवत आले होते. नोकरी आता गेलीच. वर काकूंचा शब्दही जाणार, हे जास्त लागलं. पण खोटं बोलले असते तर तेही त्यांच्याच नावावर गेलं असतं. म्हटलं, "नववी." मालकांची मान झटकन वळली.

"मग तपासता कसं?"

भरलेलं एक पॅनल बाजूला होतं, त्यावरही सकाळचंच ओके. मी हात घातला. एक वायर, दुसरी, तिसरी. चौथी माझ्या हातात आली. साहेबांनी डोळे मिटले.

"सुटली की ही!" तपासनीस म्हणाले.

"सुटते कधीकधी. म्हणून तर ओढते."

"आणि स्टिकर?"

"तो आधी लावायला सांगतात."

मग कुणी न सांगता मी ओळीतले स्टिकर नखाने खरवडायला लागले. निम्मे फाटले. काकू दुसऱ्या टोकाकडून खरवडत आल्या. "थांब वं, एकटीच काहून करून राहिली?"

तपासनीसांनी माल नाकारला नाही. अट घातली की स्टिकर काम झाल्यावरच लागेल, आणि जिने ओढून पाहिलं तिची सही खाली असेल. मालक म्हणाले, "ओके सर."

दुपारी बोलावणं आलं. मी पिशवी घेऊनच गेले. काकू दारातच उभ्या होत्या, आत येत नव्हत्या, जातही नव्हत्या. मालक म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसा. तोवर सही करा." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, लढाईची गोष्ट त्यांनी अजून शंभरदा सांगितली तरी.

दुसऱ्या दिवशी स्टिकर दुपारीच लावले. दार तापलेलं, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसायचं, वर तळहात दाबून धरायचा आणि मग सही. संध्याकाळी साहेब ओळ बघायला आले.

"एवढेच झाले?"

"एवढेच ओढून झालेत, साहेब."

मी पुढच्या कपाटात हात घातला.