नाडीखालची खूण

"ही खूण कधीपासून आहे?" माझ्या परकराची नाडी सैल करत कल्याणच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. मी शुद्धीत होते, पण बोलायचं त्राण नव्हतं. बाई शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "एशर आहे. स्क्रब टायफस!"

एशर म्हणजे किडा चावल्यावर धरणारी काळी खपली, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही. गवतात गोचिडाहून बारीक किडा असतो, त्याच्या चाव्याने येणारा ताप म्हणजे स्क्रब टायफस. सुरुवातीला डेंग्यूसारखाच वाटतो. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी जातो, नाहीतर मूत्रपिंडांवर उठतो. मूत्रपिंडं कशी चालताहेत ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तोवर माझं भलतंच चढलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, स्वतःच्या अंगावरची खपली तुला दिसली नाही? दिसली होती की! पण आमच्या मुरबाडकडे दिवाळीनंतर आम्ही बाया गवत कापायला जातो. साडी वर खोचायची, नाडी करकचून बांधायची आणि दिवसभर वाकायचं. नाडीखाली काळं पडतंच, सगळ्याजणींच्या पडतं. ते काय डॉक्टरला सांगत बसायचं?

कल्याणच्या आधी मी गावाकडच्या दवाखान्यात पडून होते. त्याचं नाव लिहीत नाही. तिथला डॉक्टर नवा, पोरसवदा, बोलायला गोड. त्याने डेंग्यू बघितला, मलेरिया बघितला. काही निघेना आणि ताप उतरेना. आटगावला राहणारा माझा भाऊ शेवटी वैतागला आणि गाडी करून मला कल्याणला घेऊन गेला. त्या दोघांचे, भावाचे आणि डॉक्टरबाईंचे, उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बरी झाल्यावर रक्त तपासायला पुन्हा गावाकडच्या दवाखान्यात गेले. भाऊ सोबत होता. तो तरुण डॉक्टर म्हणाला, "ताई, तुमच्या आजारावर मी रिफ्लेक्शन लिहिलंय. आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत वाचायचंय. तुमची परवानगी हवी."

रिफ्लेक्शन म्हणजे काय, ते त्यानेच समजावलं. रुग्णाचं काय झालं, आपलं कुठे चुकलं, पुढे काय वेगळं करायचं, हे डॉक्टरने स्वतःच्या शिकण्यासाठी लिहायचं. मला भारी नवल वाटलं. आपण निघून आल्यावरही हे लोक आपला विचार करतात की काय?

"वाचा ना," मी म्हटलं.

त्याने वाचलं, "रुग्णाने खुणेबद्दल माहिती दिली नाही. तपासणीला मर्यादा होत्या."

माझं डोकंच फिरलं. "मी माहिती नाय दिली? तुमी विचारलंत?"

तो ओशाळला. "आधी वेगळं लिहिलं होतं ताई. आमचे मोठे डॉक्टर, सर म्हणाले, असं लिहून ठेवलंस तर उद्या कोर्टात हेच पान तुझ्यासमोर धरतील. म्हणून बदललं."

"मग आधीचं वाचा."

त्याने मोबाइल काढला. "धसईच्या बाजारात भाजी विकणारी, नवऱ्याने सोडलेली बाई. गवत कापून आल्यावर ताप. मी तिला पोटाखाली तपासलंच नाही. ती लाजेल असं मी धरून चाललो. खरं तर लाजलो मीच."

मला रडू आलं. रागही होता, पण कुणीतरी खरं बोललं याचं बरं वाटलं. तेवढ्यात भाऊ उठला. "ताई, ते घे लिहून. केस टाकू. ह्यानं कबूलच केलंय!"

डॉक्टरचा चेहरा पडला. सरांची भीती खरी होती तर. आणि माझीही एक भीती होतीच. धसईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या नवरा सोडलेल्या बाया आहेत किती? बैठकीतून ते बाहेर फुटलं की माझी कंबर आख्ख्या बाजाराच्या तोंडी!

भाऊ चुकीचं बोलत नव्हता. मी मरता मरता वाचले होते. पण मी म्हटलं, "भांडायचं झालं तर केसपेपर हायेत. काय तपासलं, काय नाय, सगळं त्यात हाय. ह्या लिहिलेल्यावर भांडलो तर पुढं कोण डॉक्टर खरं लिहील रे?" मग डॉक्टरकडे वळले. "आधीचंच वाचा. माझा बाजार काढा, नवरा काढा. तुमची लाज तेवढी ऱ्हाऊ द्या."

भाऊ तणतणतच बाहेर पडला. डॉक्टरने पुढे काय वाचलं, मला कळलं नाही. त्याची बदली झाली.

आज मी माझ्या मर्जीने बाजारासकट सगळं सांगतेय. कारण गवतावरून आल्यावर ताप आला, तर अंगावरची प्रत्येक खूण दाखवा. कुणी विचारायची वाट बघू नका.

पुढच्या कापणीला शेजारच्या सुमनला ताप भरला. मी तिला त्याच दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी पडदा ओढला आणि पहिलंच वाक्य, "नाडी सैल कर, कंबर बघू दे." खपली सापडली. गोळ्या लगेच सुरू झाल्या.

परत येताना गाडीत सुमन म्हणाली, "नर्सबाई सांगत व्हती, मागं एका बाईला तपासायला डॉक्टर लाजला आन् ती मरता मरता वाचली. त्यानंच म्हणं सगळ्यांसमोर सांगितलं. तवापासून आधी कंबर बघतात. कोण असंल गो ती?"

"असंल कुणीतरी," मी म्हटलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं.