आतल्या तीन रेघा

हिंदमाताच्या कापडबाजारामागल्या गल्लीत कुठल्या टेलरची कात्री रुसली की ती आनंदा येलवेकडे येते. हातभर फळी, तिच्यावर मोटर, मोटरला सहाणेचं चाक आणि मागे स्टुलावर चौसष्ट वर्षांचा आनंदा. तो कात्री आधी डोळ्यांनी बघतच नाही. कानाशी नेतो, दोनदा उघडमीट करतो आणि निकाल देतो.

"धार हाय रे हिला. स्क्रू ढिला झालाय. नवराबायकू एकमेकाला टेकत नाहीत, मग संसार कसा कापनार?"

हा कान त्याला घोडपदेवच्या एका पत्र्याच्या शेडने दिला. गिरगावातल्या रघुवीर मोडकांचा तो कारखाना. माणसं बावीस. माल एकच, शिकाऱ्यांचे घडीचे चाकू. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. पातं उघडलं की पाठीवरच्या पट्टीचा दात पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत टक्कन बसायचा. मग पट्टी मागून दाबल्याशिवाय पातं मिटायची टाप नाही. हरणाचं कातडं सोलताना चाकू अचानक मिटून बोटं जाऊ नयेत, म्हणून ही सगळी करामत. बावीस जणांपैकी हरीण कोणी बघितलं असेल तर ते राणीच्या बागेत, गजाआड. पण शिकाऱ्याची बोटं सांभाळायचं काम मात्र घोडपदेवकरांकडे.

चाकू मुळात लांबच्या थंड मुलखातला. तिथली कंपनी आधी तो आपल्याच गावात बनवायची. गावातले हात महाग झाले तसं काम जपानात गेलं, तिथलेही हात महाग झाले, आणि फिरत फिरत ते मोडकांच्या शेडमध्ये येऊन टेकलं. पात्यावर ठसा कंपनीच्या नावाचा. घोडपदेव हे नाव कुठेच नाही.

ते शामराव म्हणून जुन्या फिटरला खटकलं. त्याने एक रीत पाडली. मूठ बसवायच्या आधी, लॉकच्या त्या पट्टीच्या आतल्या अंगाला, कानशीने स्वतःची खूण करायची. "भायेर नाव परक्याचं, तर आत तरी आपलं असूंदे," तो म्हणायचा. मूठ एकदा रिवेटने बसली की ती खूण पुन्हा कोणाला दिसायची नाही. कोणी चंद्रकोर काढी, कोणी फुली. आनंदा तीन रेघा मारायचा. तीनच का, ते त्याने सांगितलं नाही. विहारात शरण तीनदा म्हणतात, तेवढं त्याला पुरेसं होतं. मोडकसाहेबांना हे ठाऊक नव्हतं, किंवा त्यांनी ठाऊक नसल्याचं दाखवलं.

शेवटची तपासणीही आनंदाकडेच असायची. उघडलेल्या चाकूची पाठ कडुनिंबाच्या ठोकळ्यावर तीनदा आपटायची. लॉक टिकलं तर पास. मग डझनाच्या डब्यात स्वतःच्या नंबराची चिठ्ठी टाकायची.

त्याच्या आयुष्यातली एकच गोष्ट त्याने बायकोला, बकुळालाही सांगितली नव्हती, आणि ती एका अशा चिठ्ठीची होती.

बत्तीस वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, बंदरावर जाणारा टेम्पो दारात खोळंबलेला असताना चाळीतला एक जण ओरडत आला, "आनंदा, वहिनीला दवाखान्यात नेली!" आनंदासमोर शेवटचा डबा होता. बाराच्या बारा त्यानेच जोडलेले, पण एकही ठोकळ्यावर आपटलेला नव्हता. त्याने चिठ्ठी टाकली, झाकण लावलं आणि पळत सुटला. संध्याकाळी मुलगी झाली, मानसी.

सहा महिन्यांनी परदेशातून पत्र आलं आणि सोबत एक चाकू. हातात मिटला होता. शिकाऱ्याची दोन बोटं कापली होती. मोडकसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून पत्र वाचून दाखवलं. "कोणाचा, ते मला शोधायचं नाही," एवढं बोलून त्यांनी चाकूचं पाकीट कपाटात टाकलं. वर्षभरात ऑर्डरी थांबल्या. पुढे शेडला कुलूप लागलं. बावीस माणसं वाट फुटेल तिकडे गेली. कोणी वॉचमन झालं, कोणी शिवडीच्या गोदामात लागलं. शामराव गावी गेला तो परत आलाच नाही.

त्या सगळ्यांचं पोट आपल्या एका चिठ्ठीने मारलं, हे आनंदाने मनात पक्कं केलं आणि वर झाकण लावलं. मानसी लहानपणी विचारायची, "पप्पा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तो म्हणायचा, "कामावर." आणि उठून जायचा. पोरीला वाटायचं, मुलगी झाली म्हणून बाप नाराज होता. बकुळालाही मधूनमधून तसंच वाटायचं.

गेल्या गुरुवारी, आनंदाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी घराच्या दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, सुती साडीतली, जिने चढून दमलेली.

"आनंदाकाका ना? मी लतिका. मोडकांची."

"सायबांची पोरगी?" आनंदा उठून उभाच राहिला. बकुळाने खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला.

साहेब जाऊन वर्ष झालं होतं. गिरगावातली जागा बिल्डरकडे जाणार, म्हणून लतिका कपाटं आवरत होती. पर्समधून तिने एक खाकी पाकीट काढलं. "हे सापडलं. वर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, म्हणून आले."

पाकिटावर शाईने लिहिलं होतं, ‘आनंदाला दाखवणे.’

आनंदाने पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणजे साहेबांना कळलं होतं तर.

"काय वो, साप हाय का त्यात?" बकुळा म्हणाली. "घ्या की हातात."

"नको."

"नको काय? बाई गिरगावातनं आलीय."

मग आनंदाने, खुर्चीच्या पाठीला धरून, बत्तीस वर्षांचं झाकण काढलं. ठोकळा, टेम्पो, चिठ्ठी, पळत सुटलेला तो आणि पुढचं सगळं. लतिका ऐकत राहिली. शेगडीवरचा चहा वर आला, उतू गेला, आणि बकुळाने आयुष्यात पहिल्यांदाच तो उतू जाऊ दिला.

"बत्तीस वर्षं!" ती म्हणाली. "अवो, मला वाटायचं पोरगी झाली म्हून तोंड पाडून बसता! तिनंच तुमचं कान भरलं असं समजून मी तुमच्या आयशीला किती बोलले, म्हायतीय? मेली बिचारी माझ्या शिव्या खात."

"बकुळे..."

"उघडा आता. बघू काय हाय ते. गुन्हा असंल तर असूंदे, पन डोळ्यांनी बघू."

पाकिटातून चाकू निघाला. पितळ काळवंडलेलं, मूठ शिसवीच्या रंगाची, पात्यावर तोच ठसा. आनंदाने पातं उघडलं आणि कानाशी धरलं. टक् असा आवाज आलाच नाही. कच्च, असं काहीतरी झालं. त्याने कपाळाला आठी घातली. पुन्हा उघडलं. पुन्हा कच्च.

"माझा आवाज नाय हा," तो पुटपुटला. पण कानावर एवढं ओझं टाकायची त्याची छाती होईना. त्याने कॉटखालची पेटी ओढली. हातोडी आणि रिवेट ढकलायचं बारीक पोगर काढलं, चाकू पाट्यावर टेकवला आणि एकेक रिवेट ठोकून काढायला लागला. मुठीचं लाकूड सुटलं तेव्हा त्याच्याखालून वाळलेल्या पिवळ्या गोंदाचे पापुद्रे गळाले.

"गोंद?" आनंदा म्हणाला. "आमच्याकडं गोंद कुठला?"

मग लॉकची पट्टी हातात आली. त्याने ती खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सारून उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. अंगठा आतल्या बाजूवरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"रेघा हाईत का?" बकुळाने विचारलं. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"नाय."

"पुसल्या असतील."

"लोखंडातल्या रेघा कशा पुसतील गं? माझ्या नाईत. चंद्रकोर नाय, फुली नाय, शामरावाची टिकली नाय. कोनाचंच काय नाय. आमच्या शेडीतून बिनखुणेचा चाकू कधी भायेर पडलाच नाय." मग तो घाईघाईने बोलू लागला, त्याला एवढं बोलताना बकुळाने वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. "ही कड बघा ताई. ही कानशीची नाय. मशिनीनं एका दणक्यात छापून काढलीय. दात बघा, गोल. घासलेलाच नाय. तो खाचेत बसंल कसा? ही मूठ शिसवीची नाय, रंग दिलेलं लाकूड हाय. हा चाकू घोडपदेवचा नाय! दुसऱ्याच कुठल्या मुलखात झालाय."

लतिका पात्याकडे वाकली. "पण ठसा तर तोच आहे ना, काका?"

"ठसा कंपनीचा. तो कुठंबी मारता येतो." आनंदा मटकन कॉटवर बसला. "म्हंजे आमची ऑर्डर चालू होती तेव्हाच त्यांनी दुसरीकडं मशिनीवर काम दिलेलं. तक्रार आली ती कोनीतरी चुकून आमच्याकडं धाडली. काम माझ्या चिठ्ठीनं नाय गेलं. ते आधीच निघालं होतं पुढच्या गावाला. जपानातनं आमच्याकडं आलं तसंच."

लतिकाने पाकिटावरचं अक्षर पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "बाबांनाही शंका असणार. म्हणायचे, लॉकचं काय ते आनंदाला विचारा, त्याला ऐकूनच कळतं. दाखवायचं का राहून गेलं, कुणास ठाऊक."

"राहून गेलं नसंल, ताई. माझंच निघालं तर, म्हून नसंल दाखवलं." आनंदाने पाकिटावरचं अक्षर अंगठ्याने चाचपलं. "भला मानूस. एकदा दाखवलं असतंत सायब, तर बत्तीस वर्षं सुखानं जेवलो असतो."

"जेवलात की," बकुळा म्हणाली. "मीच रांधून घातलंय."

त्याला हसू फुटलं. मग तो पुन्हा गंभीर झाला. "पन त्या डब्यातले बारा? ते न तपासताच गेले, ते खरंच हाय."

"ते कोनी जोडले होते?"

"मीच."

"मग? बारातला एक तरी बोंबलत आला का मागारी?"

आनंदाने पट्टीचा दात कानशीने घासायला घेतला. गोल कड सपाट केली, खाच साफ केली, चाकू पुन्हा जोडला. आत खूण मात्र केली नाही. दुसऱ्याच्या लेकराला आपलं नाव कशाला? पातं उघडलं. टक्. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पोळपाट ओढला.

"पोळपाटावर नाय हां!" बकुळा ओरडेपर्यंत चाकूची पाठ तीनदा आपटून झाली होती. लॉक जागचं हललं नाही.

चाकू घेऊन लतिका जिना उतरली. पोळपाटाला पडलेल्या खाचा बघत बकुळा बडबडत होती. आनंदाने फोन उचलला. मानसी ऑफिसात होती.

"काय झालं पप्पा? बरं आहे ना सगळं?"

"बरं हाय. तू विचारायचीस ना, तू झालीस तेव्हा मी कुठं होतो?"

"हो. कामावर."

"कामावरनं पळत आलो होतो. चप्पल वाटेत तुटली, ती तिथंच टाकली. केसांत पितळेचा भुगा. नर्स आत सोडंना, म्हनाली, आधी अंघोळ करून या." तो थांबला. "रविवारी ये. सगळं सांगतो. आणि येताना आईला एक पोळपाट आन."