चिटणीसकाकांचा गुरुवार

तुमच्या घराच्या भिंतीपलीकडे दिवसभर जी पत्रा कापणारी प्रेस धडधडते, ती चालवणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नाही ना? आमच्या चिटणीसकाकांना ठाऊक आहे. चाकणच्या वेशीपासून कासारवाडी स्टेशनापर्यंत काकांच्या ओळखीचा नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर बारशाच्या आत काका त्याची शेजारच्या पाळण्यातल्या बाळाशी ओळख करून देतील.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र आणि भोसरीतल्या लघुउद्योजकांच्या संघटनेचे चिटणीस. वडील कामगार युनियनचे, त्यामुळे मी अक्षरं शिकले तीच मागण्यांच्या पत्रकांवरून. माझ्या मते चिटणीसानं ठराव करावेत, अर्ज करावेत, जाब विचारावा. काकांना एकच येतं : ‘थांब, ओळख करून देतो.’ चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर तिरडी बांधता बांधता त्यांनी दोन माणसांची ओळख करून दिली. माझी ओळख एका फौजदारांशी त्यांनी अशी करून दिली : “साहेब, ही आपलीच मुलगी. पत्रकं लिहिते. फार सुंदर शिव्या देते.” त्यांच्या वहीत सभासदांच्या नोंदीही तशाच. ‘गिअर कटिंग, गाव संगमनेर, मुलीला दमा.’ वर्गणी भरली की नाही, याचा उल्लेख नाही. मी संतापून ‘ही संघटना की शोभेची बाहुली?’ असं पत्रक काढलं, तर काकांनी त्यातले कारखान्यांचे दोन शेड नंबर दुरुस्त केले आणि संघटनेच्याच मशीनवर पन्नास प्रती काढून दिल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

त्यांचा खरा उच्छाद गुरुवारी. एमआयडीसीत गुरुवार सुट्टीचा, मशीन बंद. मालक जरा पाय लांब करतात न करतात तोच काका दारात. धरून धरून त्यांना मागच्या वस्तीत हिंडवायचं, घराघरांत चहा प्यायला लावायचा. मी म्हणायचे, “काका, चहानं प्रश्न सुटत नाहीत.” ते म्हणायचे, “मग साखर जास्त घालू.”

प्रश्न साधासुधा नव्हता. आमच्या गल्लीत एका बाजूला शाळा, समोर कारखान्याची शेड. सकाळी शाळा भरते त्याच वेळी कंटेनर मागे घेतले जातात. फूटपाथ नाही. मागच्या वर्षी संध्याताईंच्या मुलीचं दप्तर मागे येणाऱ्या चाकाखाली गेलं. मुलगी थोडक्यात वाचली. मी साठ आया घेऊन शेडच्या फाटकावर मोर्चा नेला. संध्याताई पुढे, आवाज टिपेला. मालक बाहेर आले आणि त्यांच्यामागून, अर्थातच, काका.

“संध्याताई, हे मालक. शेठ, या संध्याताई, औशाच्या.”

“औशाच्या?” मालक थबकले. “कोणत्या गल्लीतल्या?”

“तुमाला काय करायचंय?” ताई कडाडल्या.

“न्हाई, आमी बी औशाचेच की.”

पाच मिनिटांत ताईंना मालकांची मावशी शाळेत शिकवायला होती असं निघालं. माझ्या मोर्चाचं हळदीकुंकू झालं! मालकांनी दप्तर नेमकं कुठे पडलं होतं ते विचारलं, तिथे जाऊन पाहिलं आणि शाळा भरताना-सुटताना गाडी हलणार नाही असा शब्द दिला. “लिहून घ्या!” मी ओरडले. काका हळूच म्हणाले, “अगं पोरी, लिहून घेतलं की माणूस कागद कपाटात टाकतो आणि विसरतो. ओळख ठेवायला सारखं भेटावं लागतं.”

आणि ते भेटत राहिले. दर गुरुवारी मालक, नवे ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, साऱ्यांना फाटकाशी उभं करून तीच ओळखपाळख. वर्षभर सकाळी एकही कंटेनर हलला नाही. मला हे कबूल करताना आजही राग येतो.

दिवाळीनंतर काका जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. कासारवाडीचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. गुरुवार बंद पडले. ड्रायव्हर बदलत राहिले आणि मागच्या सोमवारी, शाळेची घंटा होताना, एक कंटेनर मागे येऊ लागला. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन आडवी गेले. तोंडात घोषणा होती, पण बाहेर पडलं भलतंच : “भैया, नाम क्या है आपका?”

“रामप्रवेश,” तो गोंधळून म्हणाला. मी त्याला खाली बोलावलं, संध्याताईंशी, त्यांच्या मुलीशी ओळख करून दिली. त्यानं मुलीच्या नव्या दप्तराकडे पाहिलं आणि गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली.

मी धावत जाऊन काकांना फोन केला. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी विचारलं, “गाव कुठलं त्याचं? मुलं किती?”

“ते नाही विचारलं.”

“मग अर्धीच ओळख झाली,” काका म्हणाले. “खिडकीतून रस्ता दिसतो गं, पण माणसांचे चेहरे नाही दिसत.”

फूटपाथची मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण फूटपाथ होईपर्यंत मुलं रोज त्याच रस्त्यानं चालणार आहेत. म्हणून हे पत्रक समजा : येत्या गुरुवारी सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाशी या. फलक नको, घोषणा नको. आपलं नाव सांगा, समोरच्याचं विचारा. आणि गाव कुठलं, मुलं किती, तेही नक्की विचारून ठेवा. संध्याकाळी काकांचा फोन येणार आहे.