पाणी आलं म्हणणारी आत्या

आमच्या देशाचं सरकार रोज कोण थांबवतं, असं शाळेतल्या पोरांना विचारा. सांगतील, पायरीवरची बाई. ती माझी आत्या.

देश म्हणजे तरी काय, एक शहर. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये आम्ही. या टोकाला कुणी कांदा चिरला की त्या टोकाची माणसं डोळे पुसतात. पण ऐट बघा! स्वतःचं टपाल तिकीट आहे, स्वतःचं न्यायालय आहे, झालंच तर परराष्ट्रमंत्री आहे. तो न्हावी आहे. हसू नका. आमच्याकडे मंत्र्यांना पगार नाही, त्यामुळे प्रत्येकाला पोटासाठी काहीतरी खरं काम करावं लागतं.

आणि आमचा धंदा म्हणाल, तर दुसऱ्याचा खोळंबा. बंदराचं तोंड उथळ आहे. भरती आल्याशिवाय मोठं जहाज आत येत नाही, आणि आत आलेलं पुढच्या भरतीशिवाय बाहेर पडत नाही. बाहेर ताटकळून कंटाळलेले, मळलेले, दाढ्या वाढलेले खलाशी आत आले की त्यांना न्हावी लागतो, धोबी लागतो, दात उपटणारा लागतो, गरम जेवण लागतं. तेवढ्यात जे मिळवायचं ते मिळवायचं. माझं स्वतःचं बंदराच्या रस्त्यावर इस्त्रीचं दुकान आहे, तेव्हा मी ऐकीव सांगत नाहीये. बंदराचं तोंड खोल करू या, असं कुणी म्हणालंच, तर त्याला आम्ही पहिला त्याच तोंडात ढकलू.

ओहोटीला मात्र सगळे हात चोळत बसलेले. म्हणून सरकारची सभा ओहोटीला. सभागृह म्हणजे होड्या दुरुस्त करायची जुनी वखार. तिला समुद्राच्या बाजूला एक दार आहे आणि दारातून खाली पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर एक बाई अनवाणी उभी राहते. पाठ समुद्राकडे, तोंड सभेकडे. वळून बघायचं नाही. डोळ्यांना फसवता येतं, पायांना नाही, असं आमच्या जुन्या लोकांचं म्हणणं. पायाला पाणी लागलं की तिने ओरडायचं, "पाणी आलं!" की सभा संपली. बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं असेल तर ते अर्धंच राहतं. सगळं मंत्रिमंडळ चपला हातात घेऊन धंद्यावर पळतं, आणि मागोमाग सभागृहात घोटाभर पाणी भरतं. हे ओरडायचा अधिकार त्या एका बाईला. सभापतींनाही नाही.

आत्या बाबांची थोरली बहीण. आवाज असा, की हळू बोलली तरी शेजारची खिडकी उघडायची. लग्न केलं नाही. "ऐकून कुणाचं घ्यायचं?" म्हणायची. घरातही तिची तीच सवय. माझं लग्न ठरवायला माझे होणारे सासरे आले, आणि त्यांनी घराण्याची थोरवी सांगायला घेतली. पणजोबांपर्यंत पोचले तेव्हा आत्या गरजली, "पाणी आलं!" माणूस दचकून उभाच राहिला. उभे राहिलोच आहोत तर निघावं, असं त्यांना वाटलं असावं. जाता जाता होकार देऊन गेले. अजूनही आत्या समोर असली की माझे सासरे खुर्चीच्या कडेवर बसतात.

तिच्यावर दात धरून असलेला माणूस सबंध देशात एकच होता. वकिलांचे प्रतिनिधी. त्यांना गावाने नाव ठेवलं होतं प्रस्तावना. कारण त्यांचं भाषण प्रस्तावनेच्या पुढे कधी गेलंच नाही. पूर्वजांचे आभार मानून, समुद्राचे आभार मानून ते "तर मुद्दा असा" म्हणायला तोंड उघडत, आणि आत्या ओरडे. माणूस वाईट नव्हता हो. पण पोटात एवढी भाषणं साठलेला माणूस पोटात किती माया ठेवणार? समुद्राकडचं दार लोखंडी पत्र्याने बंद करावं, पाणी उपसायला पंप बसवावा आणि सभा हवी तेवढी चालवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. तोही प्रस्तावनेतच अडकून पडलेला.

आता मूळ गोष्टीवर येते.

सभा संपली की आत्या माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची, पाय पसरून. एकदा मी गरम इस्त्री खालच्या पाटावर ठेवली आणि शर्टाची कॉलर बघायला लागले. आत्या नाक वर करून म्हणाली, "काहीतरी जळतंय बघ. कुणाचा शर्ट जाळलास?"

मी खाली पाहिलं. इस्त्रीला टेकलेली तिची टाच जळत होती.

"आत्या, अगं, पाय! तुझा पाय!"

"माझा?" म्हणाली, आणि शेजारणीचं पोर बघावं तसं तिने पायाकडे बघितलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तळव्याला सुई टोचली, बोटांना टोचली, पोटरीला टोचली. आत्या छताकडे बघत बसली होती. साखरेचा आजार आहे, गुडघ्यापर्यंत नसा मेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासून कळत नाही, म्हणून विचारलं तर म्हणते, "झाली असतील दोन वर्षं. मी काय त्यांच्या पाळतीवर होते?"

रस्त्यावर आल्यावर मी तिला गाठलं. "दोन वर्षं! मग पायरीवर पाणी आलेलं तुला कळतं कसं?"

आत्याने आधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. "बोका."

कानतुटका एक बोका होता, खेकड्यांच्या आशेने आत्याच्या शेजारी त्याच पायरीवर बसायचा. शेपटीला पाणी लागलं की पंजा झटकत तिच्या समोरून वरच्या पायरीवर उडी मारायचा. तो वर गेला की आत्या ओरडायची. बदल्यात त्याला रोज माशाचं डोकं.

"आत्या, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जगाला दिसत असतं."

"मग तू जगाला सांगायला जा," ती म्हणाली. आणि चार पावलं चालून, "पायरी गेली की मी कोण गं? भिंतीला टेकून बसलेली म्हातारी. येणारा जाणारा विचारणार, जेवलात का आत्या? मला नाही विचारून घ्यायचं."

मला रडू आलं. राग आला म्हणूनही आलं. पण कुणाला सांगणार नाही, असं कबूल केलं. काय करणार? बोका जगू दे, एवढंच देवाला म्हणायचं माझ्या हातात होतं.

बोका जगला. पण एक दिवस धक्क्यावर कुठल्याशा जहाजाचं माशांचं पिंप फुटलं, आणि साहेब तिकडे मेजवानीला गेले. नेमकं त्या दिवशी बोलायला उभे होते प्रस्तावना.

मी वरच्या सज्जात होते, लोक बसतात तिथे. पूर्वजांचे आभार झाले. समुद्राचे झाले. सवयीने सगळ्यांनी चपलांना हात घातले. आत्या गप्प! प्रस्तावना थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मुद्दा... पहिला."

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडली असेलही, पण ती पाण्यात पडली, कारण पाणी पायऱ्या चढून आत यायला लागलं होतं. बाकीचे पाय वर घेऊन बसले. सभापती दातांच्या डॉक्टर, कडक बाई, पण नियम म्हणजे नियम. त्यांच्या खुर्चीखालून एक लहान मासा गेला, तरी त्या गप्प. खिडकीतून जहाजांची शिडं बंदरात जाताना दिसत होती आणि परराष्ट्रमंत्री वस्तरा चाचपत तळमळत होता. सज्जातून हातवारे करून माझे खांदे दुखले, पण आत्या वर बघेल तर शपथ. तिची नजर बाजूला धक्क्याकडे, बोका येतोय का बघत. "मुद्दा दुसरा!" असं प्रस्तावना गरजले तेव्हा कुठे पाणी आत्याच्या मांड्यांना भिडलं आणि तिने किंकाळीच फोडली.

पण वरातीमागून घोडं! जहाजं आली होती आणि धक्क्यावर कुणी नव्हतं. खलाशी दाढ्या कुरवाळत हिंडले आणि तसेच जहाजांवर परत जाऊन झोपले, ते पुढच्या भरतीला निघेपर्यंत उतरलेच नाहीत. सबंध देशाची एक भरती बुडाली. ओले कागद छातीशी धरून प्रस्तावना मात्र असे चालले होते की काय विचारता. दोन मुद्दे झाले होते!

दुसऱ्या दिवशी चौकशी. सज्जात मुंगीला जागा नव्हती. मी सकाळीच आत्याला पढवलं होतं, "चक्कर आली म्हण. वय झालंय, कुणीही मानेल." ती "बघते" म्हणाली होती.

आत्या पायरीवर उभी राहिली. शेजारी बोका, पोट टम्म, चेहऱ्यावर लाज म्हणून नाही.

सभापतींनी विचारलं, "बाई, काल काय झालं?"

"चक्कर," आत्या म्हणाली आणि थांबली. मग मोठ्याने म्हणाली, "चक्कर बिक्कर काही नाही. पाय मेलेत माझे. दोन वर्षं झाली. पाणी लागलेलं कळत नाही मला. हा बोका उठला की मी ओरडते. काल हा नव्हता. झालं."

कुणीतरी खुसकन हसलं. माझ्या हातात इस्त्री असती तर त्याचं काही खरं नव्हतं. आत्याची मान ताठ होती, पण हनुवटी हलत होती. मला ते बघवेना.

प्रस्तावना उठले. "म्हणजे दोन वर्षं हा देश एका मांजराने चालवला! या दोन वर्षांतली प्रत्येक सभा बेकायदा संपली. सबब प्रत्येक निर्णय रद्द!"

"वकीलसाहेब," सभापतींनी दात हलवून बघावा तसं हळूच विचारलं, "तुमची निवड या सभेने शेवटची कधी मंजूर केली?"

"गेल्या वर्षी," म्हणाले, आणि खाली बसले.

मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. जहाजांवरचा कर गेल्याच वर्षी वाढवलेला. तो परत द्यायचा? खजिनदार बेकरीवाला, त्याची तर पाचावर धारण बसली. सज्जातून एक बाई ओरडली, "माझा घटस्फोट या सभेने मंजूर केलाय! त्या माणसाला मी परत घ्यायचा की काय?" पलीकडून तिचा नवरा ओरडला, "मी येणार नाही!"

परराष्ट्रमंत्र्याने विचारलं, "बाई, बोका कधी चुकला?"

"हजर असताना? कधीच नाही."

"मग बोक्यालाच मान्यता देऊन टाका! ठराव करा!"

पण ठराव शब्दांत बसवणार कोण? कायद्याचा माणूस तिथे एकच. सगळ्यांनी प्रस्तावनांकडे पाहिलं. ते उठले, उपरणं नीट केलं. "सन्माननीय सभापती, ज्या काळी आपल्या पूर्वजांनी..."

"साहेब!" सगळी सभा ओरडली. बोक्याने शेपटीचं टोक हलवलं होतं. तो आत्ता उठला तर ठराव अर्धा, वकीलसाहेबांची खुर्ची गेली, कर गेला, आणि आत्याची पायरी तर गेलीच. सज्जातली मी, मूठ तोंडात घालून उभी.

प्रस्तावनांनी बोक्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाले, "बोका उठला म्हणजे पाणी आलं, मागेही आणि पुढेही. पायरीवर बोका नेमावा, ओरडायला बाई ठेवाव्यात."

"मान्य!"

बोका उठला. पंजा झटकला आणि आत्याच्या समोरून वर उडी मारली.

"पाणी आलं!" आत्याचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. माणसं चपला घेऊन पळाली. प्रस्तावना जागेवरच उभे होते, डोळे भरलेले. परराष्ट्रमंत्र्याला म्हणाले, "संपलं हो. माझं भाषण संपलं." पंपाचं त्यांनी त्यानंतर नाव काढलं नाही.

आता बोक्याचा हुद्दा भरती अधिकारी, आणि आत्या त्याची सहायक. संध्याकाळी घरी येऊन तिने पिशवी आपटली. "इतकी वर्षं इमानाने नोकरी केली, आणि म्हातारपणी बोक्याच्या हाताखाली! उद्यापासून रजा त्याच्याकडे मागायची का मी?" बाबा तिची समजूत काढायला लागले, तर तिने त्यांनाही "पाणी आलं" म्हणून गप्प केलं.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज संध्याकाळी माहेरी जाऊन कोमट पाण्याने मी तिचे पाय धुते. घमेलं पुढे ठेवलं की ती खुशाल पाय आत सोडायची. पाणी कसं आहे, ते एकदाही विचारलं नाही. मी हात घालून बघायला गेले तर हातावर चापट बसायची.

त्या संध्याकाळी मी घमेलं ठेवलं. तिने पाय उचलले आणि पाण्यावर तसेच धरून ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघ गं जरा. फार गरम नाही ना?"

मी हात घालून बघितलं. "नाही आत्या, बेताचं आहे," म्हटलं. मग तिने पाय खाली सोडले.