अम्माऊसचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही — प्रार्थनेतसुद्धा मी त्याच्या कडेकडेनेच गेलो आहे. तुम्हाला सांगतो, कारण अक्का आता नाही. तिला मातीत ठेवून दीड महिना झाला.

अक्का माझी थोरली बहीण. बनशंकरीत एकटी राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची. कानडी मुलखातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी. जयनगरात एका हॉलमध्ये रविवारची उपासना होते. तिथल्या वेदीमागे लावायला अक्काने सहा महिने खपून एक मोठं चित्र काढलं. मरणातून पुन्हा उठलेला प्रभू अम्माऊस गावी दोन शिष्यांबरोबर जेवायला बसला आहे. वाटभर त्यांनी त्याला ओळखलेलं नाही. ओळख पटते ती इथे — तो भाकर मोडतो तेव्हा.

त्या प्रभूचे हात आईचे होते.

आईला कोड होतं. बोटांपासून मनगटांपर्यंत पांढरे डाग. प्रभुभोजनाची भाकर कापायचं काम पूर्वी तिच्याकडे असे. डाग पसरले, तसं कुणीतरी गोड बोलून ते तिच्याकडून काढून घेतलं आणि फुलांची सजावट दिली. आईने फुलं हातात घेतली. ती गेली तोवर फुलंच लावत होती. अक्काला ते हात पुन्हा भाकरीवर ठेवायचे होते — एवढंच.

चित्र पाहून मंडळीचे पंच कुजबुजले. प्रभूला कोड? पाळकसाहेब म्हणाले, "हा शास्त्राचा प्रश्न आहे. सरांना विचारू." सर म्हणजे मी, ईश्वरज्ञान शिकवतो. अक्का हसली. "विचारा की! पुस्तकं खाऊनच वाढलाय तो. सांग रे बाबा, चालतं का?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं का? शब्द देही झाला, तो गुळगुळीत, कुणाच्याच नसलेल्या देहात नव्हे. म्हणून तर त्याचं चित्र काढता येतं. आणि तो उठला तो खिळ्यांचे व्रण घेऊनच उठला. वर्गात मी हेच शिकवत आलो होतो, कधी कधी आवाज कापेपर्यंत.

पण त्या ईस्टरला एचएसआर लेआउटहून माझ्या मुलीला पाहायला माणसं येणार होती — उपासनेलाच. चित्र समोर असणार. कुणीतरी म्हणणार, हे तर मुलीच्या आजीचे हात, कोड घराण्यातच आहे. म्हटलं असतं का कुणी खरंच? माहीत नाही. मी ते पाहायला थांबलो नाही.

"मरणातून उठल्यावरचं गौरवी शरीर निष्कलंक असतं, अक्का," मी म्हणालो.

"आणि खिळ्यांचे व्रण?"

"ते वेगळे."

कसे वेगळे, हे तिने विचारलं नाही. माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास होता — की तिला सगळं कळलं होतं? कानडीत "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तिने एकेक डाग तपकिरी रंगाने बुजवला. स्टूल हलत होतं. ते मी धरून उभा होतो.

लग्न जमलं. पाहुण्यांनी त्या दिवशी चित्राकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं.

नंतरची सात वर्षं अक्का दर रविवारी शेवटच्या रांगेत बसायची. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, डब्यातून पुरणपोळी पाठवायची. पुन्हा कुणाचे हात मात्र तिने रंगवले नाहीत. मी कधी विचारलं नाही. कसं विचारणार?

तिच्या अंत्यविधीला पाळकसाहेब त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, आपल्या अक्कांनी प्रभूचे हात किती निष्कलंक रंगवलेत." शवपेटी चित्राच्या खालीच होती. सगळे आमेन म्हणाले.

मीही म्हणालो.