पाहुण्यांच्या पोह्यांत पिंगळा

ताईचं ठरत आलेलं लग्न मोडण्याची संधी मला एकदाच मिळाली, आणि ती मी पूर्ण तयारीनिशी घेतली.

निमित्त पिंगळ्याचं. पिंगळा म्हणजे मूठभर घुबडच. त्याचं पिल्लू चिंचेखाली पडलेलं मिळालं. वनखात्यात विचारलं, तर पंख सावरले की त्याच झाडावर सोडा म्हणाले. तोवर मी त्याला बांबूच्या बुट्टीत ठेवलं, झुरळं भरवली (घरात पुरवठ्याची अडचण नव्हती) आणि येईल-जाईल त्याला घुबड अशुभ नसतं हे ऐकवू लागले. शेवटपर्यंत ऐकायला फक्त पिंगळा थांबायचा.

अशात मुरगूडचे पाहुणे ताईला बघायला येणार असं ठरलं. ताईला मुलगा आधीच आवडलेला, त्यामुळे तिच्या जिवाला घोर. आई म्हणाली, "त्येवढं ध्यान आजच्या दिवस माडीवर ठेव की." मी लगेच तत्त्वाचा प्रश्न केला. आज घुबड लपवलं, तर उद्या काय काय लपवावं लागेल?

"तुला," ताई म्हणाली.

शेवटी बुट्टीवर पंचा टाकून ती बाहेरच्या सोप्याच्या कोपऱ्यात ठेवायची, अशी तडजोड झाली. पाहुणे बसले, पोहे आले, आणि पिंगळा पंचा सारून फडफडत थेट मुलाच्या वडिलांच्या डोक्यावरच्या पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. त्याचं पहिलं उड्डाण! मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

"पोरीला गाडी चालवाय येती न्हवं?" वडिलांनी विचारलं. पिंगळ्याने वरून दोनदा मान हलवली, तोंड उघडलं आणि एक काळी गोळी टाकली. नेमकी त्यांच्या पोह्यांत.

घुबडं न पचलेलं असं तोंडावाटे टाकतात. या गोळीची तर मी वाट बघत होते! मी ती बशीतून उचलली, पाहुण्यांसमोर फोडली, त्यातले झुरळाचे पाय दाखवले आणि त्याच दमात अंधश्रद्धेवर सुरू झाले. चहा निवला. आई आत देवापुढे जाऊन बसली. ताई माझ्याकडे अशी बघत होती, की तशी नजर पिंगळ्यालाही जमत नाही.

मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी हात जोडले.

"पावणं, पोरगी पसंत हाय," ते माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाले. "घुबडाचंबी काय न्हाय. उसात उंदरं मायंदाळ, घुबडं बसावीत म्हणून आमीच दांड्या रोवल्यात. पर लग्नात ह्या धाकटीला माईकजवळ तेवढं सोडू नगासा."

अण्णांनी ही अट इतक्या घाईने मान्य केली, की हुंड्याविरुद्ध पाठ करून ठेवलेलं माझं दुसरं भाषण पोटातच राहिलं.